झांस्करच्या गार पाण्यात कयाक चालवताना अंगावर काय घालायचं?

भोगावतीकाठ

नमस्कार मंडळी.

ऑगस्टच्या शेवटी आमचा गट लडाखला निघालाय. आधी लेहमध्ये राहून हवेची सवय करून घ्यायची, मग चिलिंग ते निमू हा झांस्कर नदीचा टप्पा. गटातले बहुतेक राफ्टमध्ये बसतील, आम्ही तिघं कयाक (एकट्यानं वल्हवायची अरुंद नाव) चालवणार. तिघांनीही ऋषिकेशला रीतसर शिकून घेतलंय, कोलाडला कुंडलिकेवर सरावही चालू असतो. त्यामुळं नदीत उतरावं का हा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो अंगावर काय घालायचं हा, आणि त्यावरून आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर चांगलीच जुंपलीय.

एकाचं म्हणणं, ऑगस्टात लडाखला ऊन चटका लावतं, टी-शर्ट आणि हाफ पँट बास. दुसरा तारकर्लीला स्कूबा करून आलाय, तो म्हणतो तसलाच सूट भाड्यानं घेऊन जाऊ. तिसरा रोज पहाटे पंचगंगेत उडी टाकणारा, त्याला हा सगळा खटाटोपच पटत नाही.

मी बरेच दिवस यावर वाचतोय, जाऊन आलेल्यांशी बोलतोय. माझं मत आधीच मांडतो, म्हणजे कुणाला खोडायचं असेल तर सोपं जाईल. कपडा पाण्याकडं बघून निवडायचा. झांस्करमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं. हिवाळ्यात हीच नदी गोठते आणि लोक तिच्यावरून चालत जातात, त्यालाच चादर म्हणतात. ऑगस्टात वर कितीही रणरणतं ऊन असू दे, खालचं पाणी हिमनदी सोडून आलेलं असतं. आम्ही १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून गार असं धरून तयारी करतोय. अंदाज चुकून पाणी जरा उबदार निघालं तर घाम येईल, एवढंच. उलटं झालं तर जिवाशी गाठ आहे.

आणखी एक गोष्ट नकाशा बघताना ध्यानात आली. झांस्करच्या घळीत दोन्ही बाजूंनी उभे कडे आहेत. कयाक उलटून माणूस बाहेर पडला, तर लगेच पाय टेकायला काठ मिळेलच असं नाही. पुढच्या वळणापर्यंत पाण्यातच राहावं लागू शकतं. तेवढा वेळ हात चालले पाहिजेत.

तर जाणकारांनी सांगा. वेटसूट पुरेल की ड्रायसूट लागेलच? हातापायांचं काय? आणि भाड्यानं मिळणारा सूट चांगला की वाईट हे अंगावर चढवल्यावर कसं ओळखायचं?

उत्तरेश्वरपेठ

तो पंचगंगेवाला मीच. इथंही तेच सांगतो.

आमच्या घरात पोहणं पिढ्यान् पिढ्या आहे. राजाराम बंधाऱ्याच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटे उतरतो, अंगावर लंगोटाशिवाय काही नसतं. पहिली दोन मिनिटं झोंबतं, मग अंग तापतं. शरीराला वळण लावलं की थंडी सोसते असा माझा अनुभव आहे. तीन-चार मिलिमीटर रबरात स्वतःला कोंबून घेतलं तर खांदे अडकणार, वल्हं नीट चालणार नाही आणि त्यामुळंच उलटायची भीती जास्त, असं मला मनापासून वाटतं. लाइफ जॅकेट आणि हेल्मेटला माझी ना नाही. बाकीच्याची गरज कुणीतरी पटवून द्या.

भूलतज्ज्ञ_करवीर

उत्तरेश्वरपेठ, तुमचा अनुभव खरा आहे आणि वैद्यकशास्त्रातही त्याला आधार आहे. गार पाण्यात पुन्हा पुन्हा उतरल्यावर पहिला झटका बराच कमी होतो. पण आपल्याकडं पहाटे हवा १४-१५ अंशांवर आली तरी नदीचं पाणी तेवढं उतरत नाही, ते साधारण विसाच्या वरच राहतं. त्या पाण्याची सवय १० अंशांच्या पाण्यात पुरी पडत नाही.

नेमकं काय होतं ते सांगतो, कारण श्वास हा माझा रोजचाच विषय आहे. अंग अचानक अशा पाण्यात गेलं की कातडीकडून मेंदूला एकदम हाकाटी जाते आणि माणूस न ठरवता मोठ्ठा श्वास आत ओढतो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर हवेच्या जागी पाणी आत जातं. मग धाप सुरू होते. नाडी आणि रक्तदाब झपकन चढतात. श्वास रोखून धरायची ताकद काही सेकंदांवर येते. कयाक उलटल्यावर पाण्याखाली शांत राहून रोल मारायचा, म्हणजे बाहेर न पडता कयाक परत सुलटी करायची असते ना? तो रोल याच सेकंदांत मारायचा असतो. ही अवस्था पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जोरात असते आणि दोन-तीन मिनिटांत ओसरते. पोर्ट्समथ विद्यापीठाचे प्राध्यापक माइक टिप्टन यांचं यावर मोठं काम आहे.

दुसरा टप्पा हातापायांचा. थंडीत शरीर रक्त आतल्या अवयवांकडं ओढून घेतं, बोटं आणि दंड यांचे स्नायू गार पडतात, आणि पट्टीचा पोहणारासुद्धा हात मारू शकत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी हे लक्षात ठेवायला १-१०-१ असं सूत्र दिलंय. श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातापायांनी कामाचं काही करता येतं अशी १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. आकडे ढोबळ आहेत, पाणी आणि माणूस बदलला की बदलतात. पण क्रम तोच. पुष्कळ लोक अंग आतून गार पडायच्या कितीतरी आधी, पहिल्या दोन टप्प्यांतच बुडतात. म्हणून लाइफ जॅकेट पहिलं आणि अंगावरचा उबदार थर लगेच त्याच्या मागोमाग.

पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं उष्णता ओढून नेतं, हेही ध्यानात असू द्या. गटात कुणाला रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर जायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय निघू नका. उंचीचाही ताण आहेच, निमूसुद्धा ३,००० मीटरच्या वर आहे.

ओंटारियो_व्हाया_गंगावेश

धागा बघून राहवलं नाही. माहेर गंगावेशीत, आता बरीच वर्षं कॅनडात, आणि उन्हाळाभर कयाक.

डॉक्टरांनी सांगितलं ते इकडं दर मे महिन्यात बघायला मिळतं. हवा २० अंशांच्या पुढं जाते, लोक अर्ध्या बाह्यांत फिरायला लागतात, आणि तळ्यावरचा बर्फ वितळून जेमतेम काही आठवडे झालेले असतात. उन्हाला भुलून लोक पाण्यावर जातात. लडाखचा ऑगस्ट मला अगदी तसाच वाटतो. अमेरिकेतलं नॅशनल सेंटर फॉर कोल्ड वॉटर सेफ्टी तर २१ अंशांच्या खालचं कुठलंही पाणी असेल तर जपून वागा म्हणतं. १० अंश फारच लांब राहिले.

आता वेटसूट की ड्रायसूट. वेटसूट निओप्रीनचा असतो. या रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, ऊब धरतात ते बुडबुडे. सूट आणि कातडीच्या मध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो, तो अंगाच्या उष्णतेनं कोमट होतो आणि तिथंच अडकून राहिला तर ठीक. म्हणून वेटसूट घट्टच हवा. सैल असला की प्रत्येक हालचालीला जुनं पाणी बाहेर आणि नवं गार पाणी आत.

ड्रायसूट पाणी आतच येऊ देत नाही. कापड जलरोधक, गळ्याशी आणि मनगटांशी लेटेक्सच्या घट्ट पट्ट्या, पायांना जोडलेले मोजे. पण एक गोष्ट भाड्यानं घेणारे हमखास विसरतात. ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही. तो फक्त कोरडं ठेवतो. ऊब आतल्या फ्लीसची, म्हणजे लवदार सिंथेटिक उबदार कपड्यांची. नुसत्या टी-शर्टवर ड्रायसूट घालून १० अंशांत उतरलात तर थोड्याच वेळात दात वाजतील.

माझं मत विचाराल तर, अनेक दिवसांची मोहीम असती, रोज भिजायचं आणि तंबूत झोपायचं असतं, तर मी डोळे झाकून ड्रायसूट म्हटलं असतं. तुमचा टप्पा एका दिवसाचा आहे, सोबत राफ्ट आहे, वाचवायला माणसं आहेत. तर बिनबाह्यांचा पूर्ण पायांचा वेटसूट, ३ मिलिमीटरचा, आत पातळ लोकरी किंवा सिंथेटिक बाह्यांचा थर आणि वरून गळ्या-मनगटाला घट्ट असलेलं पॅडलिंग जॅकेट, हे चालतं. उत्तरेश्वरपेठ यांची खांद्याची काळजी अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच कयाकवाले बिनबाह्यांचा घेतात. काखेत रबर नसतं, वल्हं मोकळं फिरतं. तारकर्लीला घालतात तो सूट या कामाचा नाही. तो २५ अंशांच्या वरच्या समुद्रासाठी असतो, आणि आडवं पोहणाऱ्याच्या बेतानं शिवलेला असतो. बसून वल्हवताना गुडघ्यामागं आणि कमरेत गोळा होतो.

ड्रायसूट चांगला घ्यायचा तर इकडंच हजार डॉलरच्या पुढं जातो. एका दिवसासाठी विकत घेऊ नका. माझा एक जुना मात्र माहेरी कपाटात पडून आहे. हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आईला सांगून ठेवते. पण गळ्याचं लेटेक्स नीट तपासल्याशिवाय वापरायचा नाही, ही अट.

सूतमाग

मी इचलकरंजीचा, कापडाच्या धंद्यातला. नदीतलं मला फार कळत नाही, कापडातलं सांगतो.

आतल्या थराला सुती बनियन आणि जीन्स अजिबात नको, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. सर्वसाधारण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या ८.५ टक्के ओलावा धरून बसतो, नायलॉन ४ टक्के, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. पॉलिप्रॉपिलीन तर जवळजवळ शून्य. हे नुसतं हवेतलं झालं. भिजल्यावर कापसाचा धागा आतपर्यंत पाणी पितो, कापड अंगाला चिकटतं, धाग्यांमधली हवा जाते आणि मग वारा लागला की अंगातली उष्णता खर्चून ते पाणी वाळत राहतं. पॉलिएस्टरचं पाणी धाग्याच्या बाहेरच असतं, पिळलं की बरंचसं निघून जातं.

लोकरीचं गणित निराळं. लोकर १६ टक्क्यांपर्यंत ओलावा धरते, म्हणजे कापसाच्या दुप्पट, तरीही ओली लोकर कापसाएवढी गार लागत नाही. तिच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, तो भिजल्यावरही हवा कोंडून ठेवतो. धनगरांनी शतकानुशतकं पावसात घोंगडं पांघरलं ते उगीच नाही. मात्र घोंगडं भिजल्यावर केवढं जड होतं हे पट्टणकोडोलीच्या यात्रेत पावसात सापडलेल्या कुणालाही विचारा. नदीत ते वजन चालणार नाही. बारीक मेरिनो लोकरीचा अंगाबरोबरचा बनियन मिळाला तर उत्तम, नाही तर स्पोर्ट्सच्या दुकानातला पॉलिएस्टरचा पूर्ण बाह्यांचा थर.

जॅकेटबद्दल. "वॉटरप्रूफ" लिहिलेलं प्रत्येक जॅकेट नदीचं नसतं. पावसाळी जॅकेट वरून पडणाऱ्या थेंबांसाठी असतं, मनगटातून आणि गळ्यातून पाणी सरळ आत येतं. चांगल्या कापडात आत एक पडदा असतो. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाहून कितीतरी बारीक आणि वाफेच्या रेणूहून मोठी असतात, म्हणून घाम जातो आणि पाणी येत नाही. वरच्या कापडावर पाणी न टिकू देणारा लेप असतो, तो घासून गेला की कापड वरून ओलं राहतं आणि घामाची वाफ कोंडते. भाड्याचं जॅकेट घेताना चार थेंब पाणी शिंपडून बघा. मोत्यासारखे घरंगळले तर लेप शाबूत. पसरून मुरले तर लेप गेला. असलं जॅकेट गळतंच असं नाही, पण अंगाला ओलसर राहतं. शिवणी आतून बघा, पट्ट्या सुटल्या असतील तर मात्र घेऊ नका.

पूरबोट

मी २०१९ आणि २०२१ च्या पुरात आंबेवाडी-चिखली भागात बोटीवर होतो. आपल्याकडं हा विषय लडाखपुरता नाही, म्हणून लिहितोय.

पुराचं पाणी बर्फाचं नसतं. पण सकाळपासून अंधार पडेपर्यंत छातीभर पाण्यात चढउतार, वरून पाऊस आणि बोटीवर वारा. दुपारनंतर पोरं थडथडायला लागतात. बोलणं जड होतं, दोरीची गाठ सुटत नाही, कुणी चिडचिडं होतं, कुणी एकदम गप्प. तेव्हा आम्ही याला थकवा म्हणायचो. निम्मी पोरं बनियन आणि सुती ट्रॅक पँटवर होती. ज्यांच्या अंगात पॉलिएस्टरची जर्सी आणि वर रेनकोट होता ती जास्त वेळ टिकली, हे डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या मंडळानं आता पूर्ण बाह्यांचे २ मिलिमीटरचे वेटसूट ठेवलेत. ऊब मिळतेच, शिवाय पाण्याखालच्या तारा, पत्रे, काटेरी कुंपणं यांपासून कातडी वाचते. ओरखड्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) संसर्ग व्हायची भीती असते, ती कमी होते. चपला घालून कुणालाही पाण्यात उतरू देत नाही, कडक तळाचे बूट सक्तीचे.

डॉक्टर, एक विचारतो. गारठलेल्या माणसाला बाहेर काढल्यावर आमच्याकडं बाया लगेच तळपाय आणि दंड जोरजोरात चोळायला घेतात. ते बरोबर आहे का?

भूलतज्ज्ञ_करवीर

बरं झालं विचारलंत. जो खूप गारठलाय त्याला चोळू नका. थंडीनं शरीरानं रक्त आत ओढून घेतलेलं असतं, हातपाय चोळून फायदा होत नाही, आणि फार गारठलेल्याचं हृदय इतकं नाजूक झालेलं असतं की हिसका-झटकासुद्धा महागात पडतो. आडवं झोपवा, हळुवार हाताळा, ओले कपडे कापून काढा, कोरड्यात गुंडाळा, वारा अडवा, डोकं झाका. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गरम गोड चहा. दारू अजिबात नाही. त्यानं कातडीकडं रक्त जातं, माणसाला गरम वाटतं आणि आतून तो आणखी गार पडतो.

कपकपी चालू असेल तर शरीर अजून झगडतंय. कपकपी थांबली आणि माणूस बरळायला लागला तर वेळ न घालवता दवाखाना.

कागलकरीण

मी या गटात आहे, राफ्टमध्ये. भाड्याचे सूट सगळे पुरुषांच्या मापाचे असतात, खांद्यात सैल आणि नितंबात घट्ट. काय करायचं? आणि दिवसभर तो काढायचा नाही म्हणजे लघवीची पंचाईत. पाणीच कमी प्यायचं असं एका मैत्रिणीनं सांगितलंय.

ओंटारियो_व्हाया_गंगावेश

ताई, पाणी कमी पिऊ नकोस. एवढ्या उंचीवर तर मुळीच नाही. बायकांच्या मापाचे वेटसूट मिळतात, आयोजकाला आत्ताच उंची, छाती, कंबर, नितंब ही मापं कळवून लेखी विचार. नाहीच मिळाला तर बिनबाह्यांचा घे, त्यात खांद्याचा प्रश्नच मिटतो, आणि ज्याची चेन पुढून खालपर्यंत उघडते असा शोध. ड्रायसूटमध्ये बायकांसाठी मागं वेगळी चेन असते, पण ती नसलेला भाड्याचा सूट मी तरी घेणार नाही.

बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र, कानातलं, सगळं काढून लेहच्या खोलीवर ठेव. लेटेक्सची पट्टी बांगडीच्या टोकानं फाटते आणि गार हाताला अंगठी रुतते. केस घट्ट अंबाडा घालून निओप्रीनच्या टोपीत. ती टोपी हेल्मेटखाली मावेल एवढी पातळ असावी. कानात एकदम गार पाणी गेलं की गरगरतं, वर-खाली समजत नाही. उलटलेल्या कयाकवाल्याला ते फार नडतं, म्हणून टोपी कयाकवाल्यांनीही घालावी.

भोगावतीकाठ

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी करून बघितल्या, त्या सविस्तर लिहितो.

पहिली हातांची. बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणला, घमेल्यात फोडून पाण्यात टाकला आणि थर्मामीटर १० अंशांवर येईपर्यंत पाणी मिसळत राहिलो. मग उघडा हात मनगटाच्या वरपर्यंत पाच मिनिटं आत. पहिल्या मिनिटात दुखतं, हाडात कुणीतरी पकड लावल्यासारखं. नंतर दुखणं कमी होतं आणि तेच फसवं आहे, कारण तेव्हा बोटं आपली राहिलेली नसतात. हात बाहेर काढल्यावर अंगठा करंगळीला टेकवायचा होता. टेकला, पण बघून टेकवावा लागला. लाइफ जॅकेटच्या बाजूचं बकल आवाज येईपर्यंत दाबायला तीनदा प्रयत्न करावे लागले. जॅकेटच्या खिशातली शिट्टी बोटांना सापडेना, दोरी ओढून काढली.

हे फक्त हात बुडवून झालं, बाकी अंग कोरडं होतं आणि मी घरच्या ओसरीवर पाटावर बसलो होतो. उत्तरेश्वरपेठ यांनीही हात घालून बघितला. त्यांचं बकल माझ्याआधी लागलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण शिट्टी त्यांनाही सापडली नाही. मग ३ मिलिमीटरचा निओप्रीनचा हातमोजा घालून तेच केलं. बोटं शेवटपर्यंत हुकुमात राहिली, बकल पहिल्या फटक्यात. कॅराबिनर (दोर अडकवायची उघडझाप कडी) उघडायला मात्र मोज्यात अडचण होते.

(घरी करून बघणाऱ्यांनी फक्त हातच घालावा. बर्फाच्या पाण्यात एकट्यानं अख्खं अंग बुडवायचा प्रयोग कुणी करू नका.)

दुसरी गोष्ट विहिरीची. मित्राच्या शेतात राधानगरी रस्त्याला पायऱ्यांची विहीर आहे. ओंटारियोताईंचा ड्रायसूट गंगावेशीतून आणला, त्यांच्या आईंनी कापडात गुंडाळून, वर डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवला होता. कापड उत्तम, चेन उत्तम. गळ्याचं लेटेक्स मात्र बोटाला चिकट लागलं, आणि दोन्ही अंगठ्यांनी ताणल्यावर काठावर बारीक चिरा उघडल्या. त्यामुळं तो पाण्यात नेलाच नाही.

वेटसूट मात्र तिघांनीही विहिरीत घालून बघितले. मी कमरेएवढ्या पाण्यात बसून वल्हं मारायची हालचाल केली तेव्हा कमरेच्या मागं, पाठीच्या खोलगट भागात, प्रत्येक वळणाला पाण्याचा हबका आत शिरताना कळत होता. दुकानात आरशासमोर हाच सूट अगदी बेतशीर वाटला होता. दुसऱ्या मापाचा घेतल्यावर तो हबका बंद झाला. विहिरीचं पाणी काही गार नव्हतं, पण गळती कळायला गार पाणी लागतच नाही.

ओंटारियो_व्हाया_गंगावेश

बरं केलं, चिकट लेटेक्स म्हणजे आयुष्य संपलं. नवी पट्टी चिकटवता येते, पण घाईत नको, नीट वाळू द्यावी लागते. पुढच्या फेरीला येईन तेव्हा घेऊन येईन. लेटेक्सला ऊन, तेल आणि सनस्क्रीन तिन्ही वैरी. पट्टी नवी असताना गळ्याला फास लागल्यासारखी वाटली तर रात्रभर तांब्यावर किंवा पातेल्यावर ताणून ठेवायची, दुसऱ्या दिवशी सैलावते. तरीही घट्ट असेल तरच काठावरची एकेक कडी धारदार कात्रीनं कापायची. आणि ड्रायसूट घातल्यावर आधी उकिडवं बसून गळ्याची पट्टी बोटानं उघडून आतली हवा काढायची, नाही तर पाण्यात सूट फुगतो आणि पोहायला त्रास होतो.

शिवपुरीचा_गाइड

मी मूळ गगनबावड्याचा, काही हंगाम ऋषिकेशला शिवपुरीत राफ्टवर काढलेत. भाड्याच्या सुटाबद्दल लिहितो, कारण ढिगातून सूट उचलून देणारा माणूस मीच असायचो.

सकाळी पहिल्यांदा पोहोचा. चांगले सूट आधी जातात. हातात घेतल्यावर गुडघा आणि बूड दाबून बघा. निओप्रीन दाबून सोडल्यावर परत फुगलं पाहिजे. चपटंच राहिलं तर आतले बुडबुडे मेलेले आहेत, ३ मिलिमीटर नावालाच. कोरडा सूट मागा. ओला सूट सकाळी आठच्या गारठ्यात घातला की नदीआधीच निम्मी ऊब जाते. घातल्यावर पूर्ण खाली बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या, दीर्घ श्वास घ्या. श्वास अडत असेल तर लहान आहे. काखेत, कमरेत किंवा मांड्यांमध्ये चिमटीत गोळा होत असेल तर मोठा आहे.

वेटसूट पाण्यात बरा, वाऱ्यात वाईट. ओल्या रबरावर वारा लागला की गारठा वाढतो, आणि निमूकडं दुपारी वारा सुटतो. म्हणून वरचं जॅकेट उन्हातसुद्धा काढायचं नाही. फारच उकडलं तर हात-तोंडावर नदीचं पाणी मारा. लाइफ जॅकेट सगळे थर घातल्यावर मापून घ्या, खांद्याच्या पट्ट्या दुसऱ्यानं वर ओढून बघायच्या. हनुवटीपर्यंत सरकलं तर ढिलं आहे.

आणि प्रत्येकाचा एक पूर्ण कोरडा जोड, लोकरी टोपीसकट, राफ्टवरच्या कोरड्या पिशवीत. गाडीत ठेवून उपयोग नाही, गाडी निमूला असते.

भोगावतीकाठ

ठरलं आमचं. कयाकवाले तिघं: ३ मिलिमीटरचा बिनबाह्यांचा वेटसूट, आत मेरिनोचा पूर्ण बाह्यांचा थर, वरून पॅडलिंग जॅकेट, कडक तळाचे निओप्रीन बूट, टोपी, हातमोजे. हे सगळं स्वतःचं नेतोय. राफ्टवाले आयोजकाचे पूर्ण बाह्यांचे सूट घेतील, मापं कळवलीत. लेहहून निघायच्या आदल्या दिवशी सगळे अंगावर चढवून बसून बघणार. नदीवर पोहोचल्यावर काठाशी, शांत पाण्यात, सगळ्यांनी एकदा गळ्यापर्यंत उतरायचं आणि श्वास जागेवर येईपर्यंत थांबायचं, मग सुरुवात.

उत्तरेश्वरपेठ

वेटसूट घालतो. बकलचं पटलं. हातमोज्याला मात्र अजून मन तयार नाही. वल्ह्याची मूठ हाताला कळली पाहिजे, नाही तर पातं पाण्यात कुठल्या कोनात गेलंय तेच समजत नाही. मोजे जॅकेटच्या खिशात ठेवले आणि लागले तर घातले, असं चालेल का?

शिवपुरीचा_गाइड

दादा, खिशातला मोजा गार पडलेल्या हातात चढत नाही, बकलवरून तुम्हीच बघितलंय. मूठ कळायलाच हवी असेल तर वल्ह्यावर बसवायच्या पिशव्या मिळतात. दांड्याभोवती त्या घट्ट बसतात आणि उघडा हात आत जातो, मूठ थेट हाताला लागते. उलटल्यावर हात सहज सुटतो. पण तुम्ही पोहत असाल तेव्हा त्या वल्ह्याबरोबर जातात, हात उघडे पडतात. म्हणून आतून १ मिलिमीटरचा पातळ मोजा घाला. तळवा बिनरबराचा असलेला बघा. कुंडलिकेवर पुढच्या रविवारी दोन्ही घालून एक फेरी मारा, पकड जमते का ते तिथंच कळेल.

उत्तरेश्वरपेठ

रविवारी जातो. पिशव्या कुणाकडं असतील तर सांगा, माझ्या वल्ह्याचा दांडा नेहमीच्याच जाडीचा आहे.